लुगडे विटले की फाटले?

(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



दर वर्धापनदिनाला मी तुम्हाला दिसते ती मागच्या बाजूला, मसालेभाताच्या पातेल्यापाशी. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव न विचारता भाषणांच्या यादीत घातले. मी म्हटले, "अहो, मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंच्या डोळ्यांची हकीकत सांगा. चार घरांना उपयोग होईल." सासूबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "सांग की. मात्र माझी फजिती झाली तीही सांग, गाळू नकोस." तेव्हा त्यांच्या आज्ञेने सांगते. यातले शास्त्र आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले आणि मुलीने मोबाईलवर वाचून दाखवलेले आहे. उदाहरणे तेवढी माझ्या स्वयंपाकघरातली.

पण सासूबाईंच्या आधी माझ्या आईचे सांगायला हवे, नाही तर मी एवढी मागे का लागले ते समजणार नाही.

माझे माहेर पसरणीच्या घाटावरचे, पाचगणीच्या अंगाला. आईला साठीत कमी दिसू लागले. सगळे म्हणाले मोतीबिंदू आहे, पिकू दे, मग काढू. आमच्याकडे फणस पिकू देतात तसा मोतीबिंदू पिकू द्यायचा अशीच समजूत होती. आईही म्हणायची, "भाताची कापणी होऊ दे, मग बघू." अशा तीन कापण्या गेल्या. शेवटी ऑपरेशन झाले, पट्टी सुटली, आणि आईने विचारले, "अजून दिवा लावला नाहीत का?" भर दुपार होती. मोतीबिंदू निघाला होता, पण त्याच्या मागे काचबिंदू दडून बसला होता. त्याने डोळ्याची नस वाळवून टाकली होती. पुढची दहा वर्षे आईने भिंतीला हात लावून घरात काढली. मी जेव्हा माहेरी जाई तेव्हा ती माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणे, "वाळलीस गं." तिला दिसत नव्हते, तरी ते खरे असायचे.

तेव्हापासून मोतीबिंदू आणि काचबिंदू या दोन शब्दांतला फरक माझ्या मनात कोरला गेला आहे. नावे जुळ्या बहिणींसारखी, पण दुखणी अगदी निराळी. डोळ्यात बाहुलीच्या मागे एक भिंग असते. वयाने ते गढूळ झाले की मोतीबिंदू. ते भिंग काढून नवे बसवता येते आणि नजर परत येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते, बहुधा डोळ्यातला दाब तिला सोसत नाही म्हणून. ती नस कोणाला नवी बसवता येत नाही. जेवढी गेली तेवढी गेली. थेंब घालून दाब उतरवायचा आणि उरलेली राखायची, एवढेच आपल्या हाती. थोडक्यात, एकीत खिडकीची काच मळते आणि दुसरीत तारच तुटते.

दोन्ही एकाच डोळ्यात असली म्हणजे खरी पंचाईत. आमच्या सासूबाईंचे तसेच झाले.

तीन वर्षांपूर्वी डोळे तपासण्याच्या शिबिरात मी सासूबाईंना घेऊन गेले. त्या तयार नव्हत्या. "मला नीट दिसतंय, मी अजून सुईत दोरा ओवते," म्हणाल्या. ते खरे होते. पण शिबिरात त्यांच्या उजव्या डोळ्याचा दाब जास्त निघाला, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूही धरू लागला होता. साताऱ्याला मोठ्या तपासणीला जा म्हणून चिठ्ठी मिळाली. तिथे त्यांची फील्ड टेस्ट झाली. ही तपासणी काय असते ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिच्याच कागदावरून झाला.

आपण पाटीवरची अक्षरे वाचतो ती नजरेच्या मधल्या भागाने. पण नजर तेवढीच नसते. समोर बघत असतानाही डाव्या हाताला दूध उतू जाते आहे हे आपल्याला कळते. एक डोळा मिटला तरी दुसऱ्या डोळ्याला बाहेरच्या बाजूला सुमारे ९० अंशांपर्यंत, नाकाकडे ६० अंशांपर्यंत, वर ६० आणि खाली ७० अंशांपर्यंत दिसते. हे झाले नजरेचे अंगण. काचबिंदू या अंगणात कडेकडेने शिरतो, मधल्या तुळशीवृंदावनाला सगळ्यात शेवटी हात लावतो. म्हणून माणूस सुईत दोरा ओवत असतो आणि तिकडे कुंपण पडलेले असते. शिवाय एका डोळ्याला जिथे दिसत नाही तिथे दुसरा डोळा बघून घेतो, आणि कुठे भोक पडले तर मेंदू ते शेजारच्या रंगाने लिंपून टाकतो. काळा डाग कोणाला दिसत नाही. दक्षिण भारतात ज्या पाहण्या झाल्या, त्यांत काचबिंदू सापडलेल्या दहांपैकी नऊ जणांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हते.

हे अंगण मोजायचे काम फील्ड टेस्ट करते. १९४५ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी हान्स गोल्डमन नावाच्या डॉक्टरांनी त्यासाठी एक नमुनेदार यंत्र केले. आडवी धरलेली मोठी पांढरी कढई डोळ्यासमोर यावी तसे ते असते. आता ते संगणकावर चालते, पण कढई तीच. एक डोळा झाकतात, हनुवटी आधारावर टेकवायची, मधल्या दिव्याकडे बघत राहायचे. कढईत इकडे तिकडे बारीक टिंबाएवढा उजेड चमकतो, एका सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढाच. दिसला की हातातले बटण दाबायचे. नेहमीच्या तपासणीत अशा ५४ जागा असतात. प्रत्येक जागी यंत्र उजेड कमी कमी करत जाते आणि सगळ्यात मंद कोणता दिसला ते आकड्यात लिहिते. आकडा जितका मोठा, तितका मंद उजेड दिसला, म्हणजे नजर चांगली. शून्य म्हणजे यंत्राचा सगळ्यात लख्ख उजेडही जेमतेमच दिसतो, आणि तोही दिसला नाही तर यंत्र शून्याहून कमी असे लिहिते. जिथे कमी दिसते ती जागा नकाशात काळी छापून येते.

आता फजितीची गोष्ट. सासूबाई आत गेल्या आणि दहा मिनिटांत हसत बाहेर आल्या. "एकही सोडला नाही!" म्हणाल्या. कागद पांढराशुभ्र आला. मला आनंद झाला, पण डॉक्टरीणबाई हसू लागल्या. "आजी, तुम्ही दिवा नसतानाही बटण दाबलंत." सासूबाईंना वाटले होते ही परीक्षा आहे आणि कमी बटणे दाबली तर नापास करतील. यंत्राचा बारीक आवाज आला की त्या दाबत होत्या. मग डॉक्टरीणबाईंनी समजावले की यंत्र मुद्दाम उजेड इतका मंद करत जाते की चांगल्या डोळ्यांच्या तरण्या माणसालाही जवळजवळ निम्मे दिवे दिसत नाहीत. न दिसणे हा गुन्हा नाही. मैत्रिणींनो, हे वाक्य कोणी आधी सांगितले असते तर आमची एक फेरी वाचली असती, म्हणून मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

आठवड्याने दुसरी तपासणी झाली. या वेळी सासूबाई प्रामाणिकपणे बसल्या, आणि कागद सगळाच्या सगळा काळवंडलेला आला. जिथे २७-२८ आकडा असावा तिथे २०-२१.

तो कागद घरी आला आणि घरात सुतक आल्यासारखे झाले. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या सोमवारी समजावून सांगते म्हणून बोलावले होते, पण सोमवारपर्यंत थांबतो कोण? आमच्या धाकट्या भावोजींनी कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "नजर सगळी गेलेली दिसते. आता मोतीबिंदूवर खर्च करून काय उपयोग?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना आईला उगाच कापाकापी नको होती. पण सासूबाईंनी ते दाराआडून ऐकले. त्या रात्री त्यांनी आपल्या पेटीतली चांदीची वाटी काढून माझ्या मुलीच्या हातात ठेवली. "दिसतंय तोवर देऊन टाकते," म्हणाल्या. मला माझी आई आठवली. मी ह्यांना म्हटले, "सोमवारी मी जाणार. कागद काय म्हणतो ते कागदाला विचारून येणार."

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी जे सांगितले ते मी आज तुम्हाला प्रयोग करून दाखवते. हा काचेचा पेला, यात स्वच्छ पाणी. एका बाजूने मी मोबाईलचा दिवा पाडते. पलीकडच्या कागदावर उजेडाचा ठळक ठिपका पडला, दिसला ना? आता यात दोन थेंब दूध घालते. बघा. पाणी स्वतःच उजळले, आणि कागदावरचा ठिपका फिका पडून पसरला. दिवा तोच आहे, मी तो कमी केलेला नाही. उजेड गेला कुठे? दुधाच्या बारीक कणांवर आपटून तो चारी दिशांना सांडला.

आमच्या पसरणीच्या घाटात पावसाळ्यात धुके उतरते तेव्हा हेच होते. एस.टी.चा ड्रायव्हर मोठे दिवे लावतो आणि रस्ता दिसायच्या ऐवजी धुकेच पांढरे होते. डोळ्यातल्या मोतीबिंदूचेही तसेच. भिंगातली प्रथिने वयाने गोळा होतात, दूध नासताना कण धरतात तशी, आणि त्यांच्यावर आपटून उजेड फुटतो. म्हणूनच मोतीबिंदूच्या माणसाला रात्री समोरच्या गाडीचा दिवा सोसत नाही. सगळ्या डोळ्यात तेजाचा पडदा पसरतो. थोडे सांडणे निरोगी डोळ्यातही असते. तरुणपणी जेवढे असते त्याच्या दुप्पट ते पासष्टीच्या सुमारास होते. निळ्या-घाऱ्या डोळ्यांत ते जास्त आणि काळ्या डोळ्यांत कमी. तेवढा एक लाभ देवाने आपल्याला दिला आहे.

आता हा सांडलेला उजेड फील्डच्या कागदाला दोन तऱ्हांनी फसवतो. दोन्ही नीट ध्यानात घ्या, कारण त्या एकमेकींच्या उलट आहेत.

पहिली तऱ्हा सोपी आहे. यंत्राने टिंबाएवढा उजेड सोडला. तो डोळ्याच्या पडद्यावर एका जागी पडायला हवा. पण वाटेत धुके असल्यामुळे त्यातला पुष्कळसा आजूबाजूला सांडला आणि टिंब फिके झाले. मग ते दिसायला यंत्राला जास्त उजेड सोडावा लागतो. हे एका जागी नाही, ५४ही जागी होते. म्हणून सगळे आकडे सारखे खाली येतात आणि सगळा नकाशा काळवंडतो. नस चांगली असली तरीसुद्धा!

डॉक्टरीणबाई सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, तुमचं हे लुगडं बघा. धुऊन धुऊन सगळं सारखं विटलं, तर ते एक. आणि रंग चांगला आहे पण पदराला एका जागी फाटलं, तर ते निराळं. मोतीबिंदूनं नजर विटते. काचबिंदूनं फाटते. मला शोधायचं असतं ते फाटलेलं."

सासूबाईंना हे एका क्षणात उमजले. मलाही उमजले. यंत्राच्या कागदावर त्यासाठी दोन नकाशे शेजारी शेजारी असतात. पहिला तुमची नजर तुमच्याच वयाच्या निरोगी माणसाशी ताडून पाहतो. दुसरा त्यातून सगळीकडचे सारखे विटलेपण वजा करतो आणि मग कुठे खोच राहते का ते दाखवतो. सासूबाईंच्या पहिल्या नकाशात सगळीकडे ठिपके होते. दुसऱ्यात बहुतेक जागा मोकळी होती, फक्त नाकाकडच्या बाजूला वर, तीन-चार ठिपके. भावोजींनी पाहिला तो शेडिंगचा नकाशा. सांगणारा कागद होता, वाचणारा डोळा नव्हता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नजर गेलेली नाही. बरीचशी धुक्याआड आहे. मोतीबिंदू काढू. पण त्या वरच्या कोपऱ्यावर माझं लक्ष आहे." काचबिंदूचे थेंब सुरू झाले, आणि दोन महिन्यांनी उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी सुटली तेव्हा मी खोलीत होते. माझ्या आईचा प्रश्न माझ्या कानात घुमत होता. सासूबाईंनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, तुझे केस पिकलेत की! मला कोणी सांगितलं नाही." मी हसले आणि मग कोपऱ्यात जाऊन रडले.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण मग तिसरा कागद आला.

ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी पुन्हा फील्ड टेस्ट झाली. आकडे २६-२७ पर्यंत वर आले होते. नकाशा पांढरा झाला होता. पण नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यात काळेकुट्ट भोक उठून दिसत होते. आधीच्या कागदावर तिथे ६ आणि ८ असे आकडे होते. आता एका जागी २ आणि दुसऱ्या जागी शून्य. भावोजी भडकले. "बघा, ऑपरेशननं डोळा फाडला! आधी एवढं काळं होतं का?" खरे सांगते, त्या दिवशी माझाही विश्वास डळमळला. आपणच हट्ट धरला आणि आपल्या हट्टापायी सासूबाईंचा डोळा बिघडला की काय, असे वाटून मला दोन दिवस अन्न गोड लागले नाही.

आता सांडलेल्या उजेडाची दुसरी तऱ्हा. तिच्यासाठीही एक प्रयोग आहे. तुम्हा सगळ्यांच्या हातात मघाशी एकेक कागद दिला आहे. त्यावर एक फुली आहे आणि फुलीच्या उजवीकडे ८ सेंटीमीटरवर कुंकवाची टिकली लावली आहे. डावा डोळा हाताने झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघा. कागद डोळ्यापासून साधारण ३० सेंटीमीटरवर धरा आणि हळूहळू मागेपुढे करा. एका जागी टिकली नाहीशी होते. झाली ना? हसू नका, मागच्या रांगेतल्या बाई, तुमचीही होईल, नजर फुलीवरून हलवू नका!

प्रत्येक चांगल्या डोळ्यात ही एक आंधळी जागा असते. डोळ्यातली नस जिथून बाहेर पडते तिथे बघणाऱ्या पेशी नसतात. एदम मारियोत नावाच्या फ्रेंच माणसाने सतराव्या शतकात हे दाखवून दिले. जन्मभर आपल्या डोळ्यात हे भोक आहे आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. काचबिंदूचे भोक का कळत नाही, ते आता पटले ना? यंत्रही या जागेचा उपयोग करते. मधून मधून मुद्दाम इथे दिवा दाखवते. माणसाने तरी बटण दाबले, तर नजर हलली असे समजते.

आता घरी गेल्यावर आणखी एक करून बघा. खोलीत थोडा अंधार करा आणि टिकलीच्या जागी लहानसा पण तेजस्वी दिवा धरा. दिवा स्वतः आंधळ्या जागेत नाहीसा होईल, पण त्याच्या तेजाची झाक आजूबाजूला जाणवत राहील. कारण आंधळ्या जागेवर पडलेला उजेड डोळ्याच्या आतच सांडून शेजारच्या बघणाऱ्या पेशींवर जातो. मेलेल्या जागेला दिसले नाही, शेजारणीने बघितले आणि निरोप दिला.

सासूबाईंच्या डोळ्यात हेच घडले असणार, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या वरच्या कोपऱ्यातली नस आधीच गेलेली होती. यंत्र तिथे दिवा दाखवी, दिसला नाही म्हणून आणखी मोठा, आणखी मोठा करी. मोतीबिंदूमुळे तो मोठा उजेड फुटून शेजारच्या चांगल्या जागेवर सांडे, आणि सासूबाईंना काहीतरी चमकल्यासारखे होऊन त्या बटण दाबत. त्यात त्यांची लबाडी नव्हती, त्यांना खरोखर चमक दिसत होती. म्हणून ६ आणि ८ लिहिले गेले. धुके गेल्यावर उजेड जिथल्या तिथे पडू लागला आणि मेलेली जागा मेलेली दिसली. शिवाय आधी सगळेच लुगडे विटलेले, त्यात भोक कसले दिसणार? रंग परत आला तेव्हा फाटलेले उठून दिसले. ऑपरेशनने भोक पाडले नव्हते. भोक उघडे केले होते.

डॉक्टरीणबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या की अशा दुखऱ्या जागेचे आकडे रोज थोडे हलतात, एका कागदावर निवाडा करायचा नसतो. महिन्याने पुन्हा तपासणी केली. भोक तिथेच, तेवढेच होते. मग थेंब वाढवले. त्याला आता दोन वर्षे झाली आणि भोक मोठे झालेले नाही. भावोजींनीही ते मान्य केले. आता सासूबाईंच्या थेंबांची वेळ झाली की सगळ्यांत आधी तेच हाक मारतात. चांदीची वाटी मुलीने आजीला परत दिली, आणि आजी तिच्यात रोज दूध-साखर घेते.

माझ्या आईच्या बाबतीत कोणी कागदच काढला नव्हता. कुणाला दोष देत नाही. आम्हीच कापणीची वाट पाहत बसलो.

आता घरोघरी नेण्यासारख्या चार गोष्टी सांगते आणि थांबते.

मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका. आजच्या ऑपरेशनला तो पिकलेला लागत नाही, आणि वाट पाहताना मागे काय चालले आहे ते दिसत नाही. मोतीबिंदू आहे असे कळले की दाब आणि नसही तपासली का, एवढे विचारा.

फील्ड टेस्टला जाताना झोप पुरी करून जा, चष्मा आणि आधीचे कागद बरोबर न्या. पापणी डोळ्यावर उतरत असेल तर सांगा, नाही तर पापणीची सावलीच वरच्या बाजूला काळी छापून येते. दमलात तर सांगून थांबा. नजर मधल्या दिव्यावर ठेवा आणि दिसले तरच बटण दाबा. पहिला कागद बिघडला तर घाबरू नका, पुष्कळांचा बिघडतो. कागद आला की शेडिंग पाहून घरी पंचायत भरवू नका. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, "यातलं मोतीबिंदूचं किती आणि नसेचं किती?" आणि सगळे कागद तारखेवार एका फाईलीत ठेवा. रेशनकार्ड ठेवतो तितक्याच जपून.

मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, लख्ख दिसू लागले, म्हणजे काचबिंदूचे थेंब आपल्या मनाने बंद करायचे नाहीत. लख्ख दिसते ते मधले. कुंपण राखायचे काम थेंबांचे आहे. तसेच डोळे लाल झाले म्हणून दुकानातून स्टेरॉईडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालू नका. त्यांनी दाब वाढतो आणि मोतीबिंदूही धरतो.

आणि शेवटची गोष्ट. काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरण्याचा संभव जास्त. घरात एकाला निघाला तर भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्यायला हवे. म्हणून यंदा मी स्वतःही त्या कढईसमोर बसले. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. आत जाताना मला म्हणाल्या, "सगळी बटणं दाबू नकोस गं, मी दाबली होती तशी." माझा कागद स्वच्छ आला आहे, पण दाब थोडा वरच्या काठावर आहे. दर वर्षी यायला सांगितले आहे, आणि मी जाणार आहे. ह्यांनाही नेले. आधी नाही म्हणत होते, पण त्यांच्या आईनेच त्यांना रिक्षात बसवले.

मंडळाला माझी एक सूचना आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दर वर्षी वाण देतो. यंदा डबी-वाटीबरोबर एक फुली आणि टिकलीचा कागद द्यावा, आणि चाळिशी उलटलेल्या प्रत्येक बाईचे नाव एका वहीत लिहून तिचा दाब आणि नस तपासून झाली की नाही याची खूण करावी. वही सांभाळायचे काम मी करीन. भाषणापेक्षा ते मला बरे जमेल.

 चुकले असेल ते सांभाळून घ्या. आता मी मागे जाते, भात उतरायचा आहे.